रव्याची पुरचुंडी

“काय होतं यात, मावशी? नीट आठवून सांगा,” ताई म्हणाली.

पोलिसातली बाई माझ्या मूगवड्यांचा डबा चादरीवर पालथा करून बसली होती. मूगवड्यांचा ढीग आणि त्यावर माझं रिकामं फडकं. ते तिनं दोन बोटांत धरून माझ्यापुढं हलवलं. दारात दुसरा पोलीस होता, त्याच्यामागं साहेब, ताईचा नवरा. ताईची सोन्याची पाटली हरवली होती आणि आम्हा दोघी कामवाल्यांच्या खोलीची झडती चालली होती. माझ्या डब्यातलंही चोरीला गेलं, हे त्यांना मीच सांगितलं होतं. म्हणून पहिला डबा माझाच उघडला.

चोर माझ्या बाजूलाच उभी होती. तिला घरातली पोरं आपा म्हणत, म्हणून मीही आपा म्हणायची. मी सांगायला तोंड उघडलं, तसा तिनं आपला रबरी चपलेचा पाय माझ्या पायाच्या बोटांवर ठेवला, सगळा भार दिला, आणि माझ्याआधी अरबीत बोलायला लागली.

मी ‘खसखस’ म्हणणार होते. आपल्याकडं किराण्याच्या दुकानात मिळते. तिथं ती अफूत धरतात, सापडली तर सरळ जेल. मला हे माहीत नव्हतं. आपाला माहीत होतं.

गावात मला दुबईवाली म्हणतात. मी दुबईला गेले नव्हते, त्याच बाजूच्या दुसऱ्या देशात गेले होते. पण अल्लीपुरात विमानात बसलेलं माणूस दुबईलाच जाते, त्याला इलाज नाही. त्याआधी मी शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवत होते आणि हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या बाईंकडं सणावाराला स्वयंपाकाला जात होते. ताई ही त्यांची लेक. तिला तिकडं आपल्याकडचं खाणं पाहिजे होतं आणि मला पैसे पाहिजे होते. माझं वय पंचावन्न होतं. त्या वयात कोणी देश पाहायला जात नाही.

नागपूरच्या विमानतळावर ताईचा भाऊ सोडायला आला होता. तो म्हणाला, “मावशी, खायचं काही बांधलं असंल तर काढून द्या. तिथं सगळं मिळते.”

मी म्हटलं, “काही नाई बांधलं.”

‘तिथं सगळं मिळते’ असं मला लग्नाच्या वेळीही सांगितलं होतं. तिथं विहिरीला पाणी नव्हतं. तेव्हापासून असं कोणी म्हटलं की मी दोन डबे जास्त भरते. ताईच्या आईनं मला मुद्दाम सांगितलं होतं, पोरीला सांबारवडी आवडते, करून घालत जा. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिच्या सारणात खसखस आणि सुकं खोबरं लागतेच. म्हणून पावभर खसखस फडक्यात बांधली आणि मूगवड्यांच्या पोटात दाबली. आमच्या बाया जपायची वस्तू अशीच ठेवतात, धान्याच्या नाहीतर वड्यांच्या पोटात. चोराचा हात तिथं जात नाही असं म्हणतात. तिकडच्या विमानतळावर एक कुत्रं आलं, माझी पेटी हुंगून पुढं गेलं. मी त्याला हाड म्हटलं. पोलीस माझ्याकडं पाहून हसला.

खोलीत आपा होती. उंच, वाळकी, पन्नाशीची. करीमनगरकडची, तिथं एकवीस वर्षं झालेली. तिनं माझं नाव विचारलं नाही. माझे डबे एक एक करून उघडले, वास घेतला, बंद केले.

“किसने भेजा तेरेकु?”

“ताईच्या आईनं.”

“किसके वास्ते भेजा?”

“स्वयंपाकाच्या.”

“हौ. सब ऐसाच बोलते.”

मला वाटलं, हिच्या डोक्यात काही बिघाड आहे. चार दिवसांत खात्री पटली.

तिची एक लोखंडी पेटी होती. त्या पेटीपुढं फरशीवर ती रोज अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. का, तर कोणी जवळ गेलं तर पाय उमटले पाहिजेत. मला न्हाणीघरात जायला तिथूनच वाट होती. मी उडी मारून जात होते. पंचावन्नाव्या वर्षी. नमाजाला ज्या बाजूला तोंड करतात त्याच भिंतीला तिनं पेटी लावली होती. मी म्हटलं, आपा, देवाकडं पाहता की पेटीकडं? ती म्हणाली, “खुदा को मालूम है मेरेकु दोनों का डर है.”

चहाचा पेला तिचा वेगळा होता. तो ती स्वतः धुवायची, पुसायची आणि पेटीत ठेवायची. आधी मला चहा प्यायला लावायची आणि माझ्याकडं पाहत बसायची. मी मेले नाही की मग आपला ओतून घ्यायची. आमचं घर नवव्या मजल्यावर होतं. ती पाळण्यात, म्हणजे लिफ्टमध्ये, कधी नऊचं बटण दाबत नव्हती. दहाव्यावर जायची आणि एक मजला जिन्यानं उतरायची. हातात भाजीच्या पिशव्या असल्या तरी. मला म्हणायची, “साथ में जो खड़ा है उसकु काइकु बताना अपना घर कौनसा?” सोबत बहुतेक वेळा कोणी नसायचं. दिवाणखान्यात कॅमेरा होता, घरी कोणी नसलं की साहेब कचेरीतून त्यात पाहायचे. आपा रोज सकाळी झाडू मारायच्या आधी त्याच्यासमोर उभी राहून सलाम करायची. ताईला त्याची गंमत वाटायची. मला वाटत नव्हती. मी कॅमेऱ्याकडं पाठ करून भाजी चिरत होते.

नवऱ्याच्या तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिल्या महिन्यात तो मेला होता. दुसऱ्या महिन्यात त्यानं दुसरी बायको केली होती. नंतर एकदा म्हणाली की तिचं लग्नच झालं नव्हतं. मी म्हटलं, “आपा, एक कोणतं तरी खरं सांगा.”

“तू कौनसा याद रखी?”

“मेलेला.”

“फिर वोच सच है.”

गावाचं नाव तिनं कधीच सांगितलं नाही. करीमनगरकडची म्हणजे किती दूरची, कोणत्या बाजूची, काही नाही. म्हणायची, “गाँव का नाम बोली तो गाँव पीछे से आता.” फोनमध्ये कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, सगळे नंबर डोक्यात. ताईबद्दल मी एकदा म्हटलं की बाई चांगली आहे. आपानं माझ्याकडं पोराकडं पाहावं तसं पाहिलं. “हौ, अच्छी है. आज अच्छी है. एक दिन बाहर निकालेंगे, मालूम है मेरेकु. उसके पहले मैं अपने पैर से जाऊँगी. हाथ पकड़के निकालने का मौका नहीं देती मैं किसकु.”

हे ती पुष्कळदा म्हणायची. पोळ्या लाटतानाही म्हणायची, काही संबंध नसताना.

एका बाबतीत आमचं जमत होतं. तिथल्या खाण्यावर दोघींचाही विश्वास नव्हता. दूध खोक्यात यायचं. मी ते पेल्यात ओतून आठ दिवस थंड्या कपाटात ठेवून पाहिलं, नासलं नाही. जे नासत नाही ते दूध कसलं? गाजरं सगळी एकाच मापाची. शेतात उगवलेलं गाजर कधी तिरपं जाते, कधी दोन पायांचं निघते. काकडीला प्लास्टिकचा अंगरखा. कोंबडीच्या अंड्यावर शिक्का. ऊन मात्र ओळखीचं होतं, आमच्या मे महिन्यासारखं, पण तिथं ते पाहायलाही मिळत नव्हतं. सगळी घरं बंद, काचा बंद, आत गारठा. उन्हाळ्यात घोंगडी पांघरून झोपणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. शेजारी कोण राहतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दार उघडं ठेवून कोणी बसतच नाही तर कळणार कसं?

रस्त्याच्या कडेला कडुनिंबाची झाडं होती. आपल्यासारखीच. ती पाहून मला बरं वाटलं. तांदळाच्या डब्यात घालायला मी एक डहाळी तोडली. आपानं माझा हात असा ओढला की बाही फाटली.

“सरकार का पेड़ है!”

“पाला आहे आपा. निंबाचा पाला. किडे नाई होत तांदळात.”

“यहाँ पत्ता भी किसी का है. समझी? कुछ भी ऐसाच नहीं पड़ा यहाँ.”

डहाळी तिनं झाडाच्या बुडाशी परत ठेवली, झाड ती लावून घेईल अशी. मी मनात म्हटलं, या बाईच्या सोबतीनं मीही वेडी होणार. आता वाटते, तिनं त्याच दिवशी ठरवलं असंल की हिचे डबे पुन्हा नीट पाहायचे.

मी गेल्याच्या तिसऱ्या महिन्यात ताईकडं जेवायला माणसं येणार होती. सांबारवडी कर म्हणाली. मी मूगवड्यांत हात घालून पुरचुंडी काढली, वजन बरोबर होतं, गाठ सोडून चिमूट जिभेवर ठेवली. रवा.

माझी गाठ वेगळी असते, उजवीकडून वळवलेली. ही डावीकडून होती. आणि फडकं धुतलेलं होतं.

मी रवा कचऱ्यात टाकला आणि आपाला हाक मारली.

“आपा, माझी खसखस?”

“कौनसी?”

“या फडक्यातली. कोणी रवा भरला यात?”

“तेरे गाँव के दुकानदार ने भरा होंगा.”

“माझ्या हातानं बांधली होती मी.”

“तो तेरे हाथ से पूछ.”

आणि गेली कपडे वाळत घालायला. चोरी एक वेळ समजू शकते. घेतली आणि वरून रवा भरला, मला मूर्ख समजून, हे माझ्या डोक्यात बसलं. वड्या मी खोबऱ्यावर आणि तिळावर भागवल्या. ताई खाऊन म्हणाली, “छान झाल्या मावशी, पण आईसारख्या नाही.” तेही मी आपाच्या नावावर मांडलं.

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. मी पोचले त्याच दिवशी साहेबांनी माझा पासपोर्ट मागून घेतला होता आणि आपल्या कपाटात ठेवला होता. सांभाळायला, म्हणाले. त्या कपाटाची धूळ दर गुरुवारी आपा पुसायची. एका गुरुवारी ती बाजारात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या ओढणीखालून माझ्या पासपोर्टचा निळा कोपरा दिसला. मी विचारलं नाही. विचारून उपयोग नाही हे मला आता माहीत झालं होतं. मी फक्त लक्षात ठेवलं.

म्हणून पाटली हरवली तेव्हा मला आनंद झाला. खोटं काऊन सांगू? ताई रडत होती, साहेब फोन करत होते, आणि मी मनात म्हणत होते, बरी सापडली आपा. मी स्वतः ताईकडं गेले.

“ताई, मले बोलाचं नाई, पण आपाची पेटी पाहा. माझ्या डब्यातलंही गेलं.”

“तुमच्या? काय गेलं?”

“मसाला. पुरचुंडी होती.”

“मसाला कोण चोरेल, मावशी?”

“जो मसाला चोरंल तो पाटली सोडंल का?”

ताई उठून साहेबांकडं गेली. दुपारी पोलीस आले.

तर आपाचा पाय माझ्या बोटांवर होता आणि ती अरबीत बोलत होती. फार नाही, तीन-चार वाक्यं. बोलता बोलता तिनं माझ्या तोंडाकडं बोट केलं. पोलीसबाईनं माझ्या तोंडात पाहिलं. ते उघडंच होतं, आणि माझे समोरचे दोन दात नव्हते. पोलीसबाई हसली. दारातला पोलीसही हसला. तिनं फडकं बोटांवरून झटकून मूगवड्यांवर टाकलं आणि रुमालाला हात पुसला.

“काय म्हणाली ती?” मी ताईला विचारलं. ताईला अरबी थोडं यायचं. तीही हसत होती.

“म्हणाली, म्हातारी यात आपली कवळी बांधून ठेवत होती. कवळी हरवली तर मसाला चोरीला गेला म्हणून सांगत फिरते. लाज वाटते तिला.”

माझ्याकडं कवळी कधीच नव्हती. हे मी तेव्हाच ओरडून सांगणार होते. पण बोटांवरचा पाय अजून उचलला नव्हता. आणि आपानं त्या वेळी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मला नजरेतलं काही समजत नाही. पण खिचडीच्या पातेल्याजवळ पोर आलं की मी जशी पाहत होते, तशी ती पाहत होती. मी तोंड मिटून घेतलं.

मग तिची पेटी उघडली. पावडरीत पोलिसाच्या बुटाचे ठसे उमटले. आत कपडे, पेला, साबणाच्या न फोडलेल्या वड्या. पाटली नव्हती. तळाशी कागदांचा एक गठ्ठा होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पोलीसबाईनं तो साहेबांकडं दिला. साहेब एक एक कागद उलटत गेले आणि त्यांचं तोंड बदलत गेलं. त्या घरात आजवर जेवढ्या बायांनी काम केलं होतं, सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स होत्या. सगळ्यात वर माझी.

“मेरे कपाट से पासपोर्ट निकाली तू?” साहेबांनी हिंदीत विचारलं.

“हौ. वापस रखी.”

“काइकु?” साहेबांना राग आला की ते तिच्यासारखंच बोलायचे.

“किसी दिन लगे तो. औरतों को अपना कागज लगता है साहब. आपके पास रहा, आप भूल गए तो?”

पोलिसांनी ते कागद पाहिले, खांदे उडवले आणि निघून गेले. त्यांना पाटली पाहिजे होती. पण साहेबांना आता पाटलीचं काही राहिलं नव्हतं. एकवीस वर्षं जिला घराच्या किल्ल्या दिल्या ती मागून आपलं कपाट उघडते, हे त्यांना सोसलं नाही. ताई म्हणाली, “कपाट उघडलं ना, मग पाटलीही तिनंच नेली. बाहेर कुठं ठेवली असेल.” तिकडं ज्या घराच्या नावावर आपण असतो त्या घरानं नाही म्हटलं की देश सोडावा लागतो. दोन दिवसांनंतरचं तिकीट काढलं.

आपा पेटी भरत होती. मी खाटेवर बसले होते. मी विचारलं, “कवळी काऊन म्हटलं?”

“तो क्या बोलती? वो दाने का नाम बोलती? यहाँ भी उसकु करीब-करीब वैसाच बोलते. वो औरत एक बार में समझती. अफीम का दाना है बुढ्ढी. जेल है उसमें.”

“मले काय माहीत?”

“तेरेकु कुछ भी नहीं मालूम. पहलेच दिन मेरी नाक में आया, पक्का नहीं हुआ. पेड़ तोड़ी तब मैं डब्बा खोलके देखी. संडास में डाली, थोड़ा-थोड़ा करके. कपड़ा तीन बार धोई.”

“मले सांगाचं होतं.”

“तेरेकु बोलती तो तू चार जगह बोलती. मसाला गया तो पुलिस तक गई तू.”

मी म्हटलं, “माझ्यासाठी एवढं केलं तुमी.”

ती पेटीचं कुलूप लावत होती. मान वर न करता म्हणाली, “तेरे वास्ते? नहीं. कमरा मेरा भी है. निकलता तो दोनों को ले जाते.”

हे खरं होतं की नवऱ्याच्या गोष्टींसारखं होतं, मला अजून माहीत नाही.

त्या दोन दिवसांत मी ताईला सांगू शकत होते. आपानं माझं काही चोरलं नाही, मला जेलमधून वाचवलं, ती चोर नाही. पण ते सांगायचं तर खसखशीचं सांगावं लागलं असतं. मी दोन वेळा ताईच्या दारापर्यंत गेले. एकदा तिनं विचारलं, “काय मावशी?” मी म्हटलं, “संध्याकाळी भात टाकू की पोळ्या?” ती म्हणाली, भात. मी भात टाकला.

आपाला न्यायला गाडी आली. साहेबांनी तिच्या पेटीला हात लावला, उचलायला. ती म्हणाली, “नक्को साहब,” आणि पेटी स्वतः ओढत गेली. दिवाणखान्यात थांबून कॅमेऱ्याला सलाम केला. पाळण्यात शिरली. मी दारातून पाहत होते. तिनं खालचं बटण दाबलं नाही, दहाचं दाबलं. पाळणा वर गेला, मग खाली गेला. गाडीवाला खाली वाट पाहत होता.

मी कोणाला तिचा पत्ता विचारणार? गावाचं नाव नाही, नंबर तिच्या डोक्यात. करीमनगर आमच्या इथून फार लांब नाही, गाडीनं जाऊन येता येते. पण जाऊन कोणाचं नाव घ्यायचं? पोरं म्हणत होती तेच नाव मला माहीत.

त्या दिवाळीत ताईनं फराळाला माणसं बोलावली. मी चकलीचं ताट घेऊन गेले तर तिच्या हातात पाटल्या होत्या. दोन्ही. मी पाहिलं हे तिनं पाहिलं. तिनं पदर मनगटावर ओढला आणि म्हणाली, “मावशी, चकल्या मस्त झाल्या.” मी म्हटलं, “हो.” कुठं सापडली ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला बोलायचा हक्क कुठं होता?

मी तिथं आणखी पाच वर्षं राहिले. चहा मी सगळ्यांच्या नंतर प्यायला लागले. नवीन बाई आली तेव्हा तिचे डबे मी उघडून पाहिले, वास घेतला, बंद केले. सांबारवडी दर महिन्याला केली, बिनखसखशीची. ताईला त्याच चवीची सवय झाली.

झडतीच्या दिवशी त्या खोलीत आम्ही दोघी होतो. चोर म्हणून ती गेली. मी अल्लीपूरला आहे, घर सिमेंटचं आहे.